दातांच्या दवाखान्यात डोकावणार कोण?

क्ष-किरण यंत्राची नोंद होते, कचऱ्याचा हिशेब मागितला जातो. रुग्णाच्या तोंडात जाणारी उपकरणे मात्र तपासणीच्या कक्षेबाहेर

तामिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियंबाडी हे चामड्याच्या व्यवसायासाठी ओळखले जाणारे शहर. जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात तिरुपत्तूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ताप, डोकेदुखी आणि अडखळणारे बोलणे अशा तक्रारी असलेले रुग्ण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये येऊ लागले. मेंदूला जंतुसंसर्ग झाला होता, हे उघड होते. कोणत्या जंतूचा, याचा शोध घेतला असता माती आणि साचलेल्या पाण्यात आढळणाऱ्या एका जीवाणूचे नाव पुढे आले. त्यामुळे होणाऱ्या आजाराला मेलिऑयडोसिस म्हणतात. तो दुर्मीळ, आणि थेट मेंदूवर आघात करणारे त्याचे रूप तर अधिकच दुर्मीळ. तरीही रुग्णांची संख्या २१ वर गेली. त्यांच्या हालचालींचा माग काढला जात असताना दहा जणांमध्ये एक समान धागा सापडला. हे दहाही जण एकाच दंतचिकित्सालयात उपचार घेऊन आले होते. त्या दहापैकी आठ जण दगावले. दवाखान्याशी संबंध नसलेल्या ११ रुग्णांपैकी मृत्यू एकाचा.

वेल्लोरचे हे महाविद्यालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि तामिळनाडूचे सार्वजनिक आरोग्य खाते यांनी मिळून केलेल्या तपासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात मृत्यूंच्या आकड्याइतकीच सुन्न करणारी गोष्ट त्यांचे कारण ही आहे. दात काढताना जखम धुण्यासाठी सलाइन वापरतात. त्या दवाखान्यात सलाइनच्या बाटलीचे तोंड पेरिऑस्टियल एलिव्हेटरने उघडले जात असे. हिरडी हाडापासून सुटी करण्याचे हे उपकरण. उघडलेली बाटली कापसाच्या बोळ्याने सैलसर बंद करून पुढच्या रुग्णांसाठी पुन्हा वापरली जाई. वापरात असलेल्या अशाच एका बाटलीत तो जीवाणू सापडला. चूक यंत्राची नव्हती, औषधाची नव्हती, पदवीचीही नव्हती. काही रुपयांची बाटली एका रुग्णानंतर फेकून द्यायची की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

हा प्रकार उजेडात आला तो कोणा निरीक्षकाच्या भेटीमुळे नव्हे. वेल्लोरच्या डॉक्टरांना आलेल्या शंकेमुळे. तामिळनाडूत खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या नियमनाचा कायदा १९९७ पासून आहे. त्याचे नियम मात्र २०१८ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी अस्तित्वात आले. महाराष्ट्रात तर दंतचिकित्सालयांना लागू होईल असा या स्वरूपाचा कायदाच नाही. पुण्यात, नागपुरात किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना उघडला, तर तेथील उपकरणे कशी स्वच्छ होतात हे पाहण्याची नित्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच वाणियंबाडीपुरता राहत नाही.

कोण काय तपासते?

वरवर पाहता दंतवैद्यावर सरकारी नजर कमी नाही. दवाखान्यात क्ष-किरण यंत्र असेल, मग ते एका दाताची प्रतिमा घेणारे छोटे असो वा संपूर्ण जबड्याची, तर त्याची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. त्यासाठी ऑनलाइन प्रणाली आहे, यंत्राच्या गुणवत्तेची ठरावीक मुदतीने चाचणी आहे. कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आहेत. १९९८ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. एकही खाट नसलेल्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी त्यांनी बंधनकारक केली. रक्ताने माखलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. वर्षभरात किती कचरा निघाला, याचा अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, हेही याच नियमांत आहे.

तिसरी नजर पदवीवर. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानुसार राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. या नोंदवहीचे पूर्वी 'अ' आणि 'ब' असे दोन भाग होते, हे आज फारसे कोणाला ठाऊक नसते. कायदा आला तेव्हा पदवी नसलेले, परंतु पाच वर्षांहून अधिक काळ याच व्यवसायावर पोट असलेले लोक 'ब' भागात सामावून घेतले गेले. तेव्हा पदवीधर दंतवैद्यच दुर्मीळ होते. पुढे परिस्थिती पालटली आणि लढाई बोगस डॉक्टरांविरुद्धची झाली. जिल्हा आणि तालुका पातळीवर त्यांचा शोध घेणाऱ्या समित्या राज्यात आहेत. त्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहतात. प्रमाणपत्र खरे निघाले की त्यांचे काम संपते.

या सर्वांची बेरीज केली तर चित्र चमत्कारिक दिसते. रुग्णाच्या जबड्याचे छायाचित्र घेणारे यंत्र केंद्र सरकारच्या नोंदीत आहे. त्याच्या तोंडातून निघालेला दात कोणत्या रंगाच्या पिशवीत पडला, याचा हिशेब राज्याच्या मंडळाकडे आहे. दरम्यानच्या अर्ध्या तासात त्याच्या तोंडात जी उपकरणे गेली, ती आदल्या रुग्णानंतर कशी धुतली, किती तापमानाला किती वेळ ठेवली, हे विचारणारे खाते मात्र नाही. दंत परिषदेचे अधिकार प्रामुख्याने व्यक्तीवर चालतात. गैरवर्तनाची तक्रार आली, तर ती चौकशी करून नोंदवहीतून नाव काढू शकते. तपासणी हा शब्द भारतीय दंत परिषदेच्या संदर्भात वर्षानुवर्षे ऐकू आला तो महाविद्यालयांच्या बाबतीत. तेथे खुर्च्या किती, अध्यापक किती, याची मोजदाद झाली. शिकून बाहेर पडलेला दंतवैद्य स्वतःच्या दवाखान्यात काय करतो, हे पाहायला कोणी गेले नाही.

खाटांचे कुंपण

रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. मुंबई प्रांताच्या काळातील या कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये मोठे बदल करण्यात आले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची सक्ती त्यातूनच आली. परंतु या कायद्याचा पाया रुग्णाला दाखल करून घेऊन उपचार व शुश्रूषा करणे हा आहे. खुर्चीवर बसवून उपचार करणारा आणि तासाभरात घरी पाठवणारा दंतवैद्य या व्याख्येत बसत नाही. १९४९ साली हे ठीक होते. त्या काळी दातांचा दवाखाना म्हणजे दाढ उपटणे आणि कवळी बसवणे. आज त्याच खुर्चीवर जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवला जातो, हाडाची भुकटी भरली जाते, आडवी आलेली अक्कलदाढ हाड कोरून काढली जाते. ती शस्त्रक्रियाच आहे. केवळ खाट नाही म्हणून ती कायद्याच्या कुंपणाबाहेर राहते.

संसदेने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला, तेव्हा हे कुंपण ओलांडले गेले होते. एकट्या डॉक्टरचा दवाखानाही त्याच्या व्याख्येत आहे, आणि त्याखालील राष्ट्रीय परिषदेवर दंत परिषदेचा प्रतिनिधी आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने हा कायदा राज्यांनी स्वीकारावा लागतो. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. स्वतःचा कायदा करू, असे वेळोवेळी सांगितले गेले, मसुद्यांवर बैठका झाल्या, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, रुग्णहक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला. हाती आले ते १९४९ च्या कायद्याच्या नियमांतील बदल. शेजारच्या गोव्याने २०१९ मध्ये या विषयावर स्वतंत्र कायदा केला.

अर्थात, केंद्राचा कायदा आला असता तर सारे आलबेल झाले असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यात तात्पुरती नोंदणी अर्जानंतर दहा दिवसांत, कोणतीही चौकशी न करता द्यायची तरतूद आहे. प्रत्यक्ष पाहणीचा प्रश्न येतो तो त्यानंतर. कायद्याच्या पुस्तकात तपासणीचा अधिकार असणे आणि दवाखान्याच्या दारात निरीक्षक उभा राहणे, यांतले अंतर तामिळनाडूच्या उदाहरणातून पुरेसे कळते.

न दिसणारे नुकसान

रुग्णाला दाद मागायला जागा नाही, असे नव्हे. इंडियन मेडिकल असोसिएशनविरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणले. दंतवैद्यही त्यात आले. चुकीची दाढ काढली, रूट कॅनाल करताना सुईचा तुकडा आत राहिला, बसवलेली कॅप महिन्यात निघाली, अशा तक्रारी घेऊन रुग्ण ग्राहक आयोगाकडे जातात. या नुकसानीत रुग्णाला ते दिसते, दुखते, आणि कोणी केले हे ठाऊक असते.

अस्वच्छ उपकरणाची गोष्ट याच्या नेमकी उलट. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते सहा महिने जाऊ शकतात. हिपॅटायटिस-सी तर अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे गप्प राहतो. यकृताचा विकार बळावल्यावर ज्याला हे कळते, तो माणूस दहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी काढलेल्या दाढेशी त्याचा संबंध कसा जोडणार? वाणियंबाडीत तो जोडला गेला याला कारण जंतू दुर्मीळ होता, रुग्ण एकाच भागातले होते आणि माणसे पटापट दगावत होती. जंतू नेहमीचा असता आणि मृत्यू सावकाश आला असता, तर त्या बाटलीपर्यंत कोणीही पोहोचले नसते. तक्रार आली की कारवाई करू, ही आपल्याकडील नियमनाची रूढ पद्धत या एका बाबतीत मुळातच लंगडी पडते, ती यामुळे. ज्याची तक्रार होऊच शकत नाही त्याची तपासणी आधीच व्हावी लागते.

उपकरणे निर्जंतुक करण्याचे शास्त्र अवघड नाही. प्रथम ब्रशने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात रक्त आणि लाळ पूर्ण काढायची, सुकवायची, पाकिटात बंद करायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत ठेवायची. १२१ अंश सेल्सिअसला पंधरा ते वीस मिनिटे, किंवा १३४ अंशांना किमान तीन मिनिटे. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलतो. बहुतेक दवाखाने तेथे समाधान मानतात. पण रंग बदलणे म्हणजे यंत्र तापले एवढेच. आतले जंतू खरोखर मेले का, हे पाहण्यासाठी उष्णतेला दाद न देणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू असलेली चाचणी यंत्रात ठेवावी लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस ती आठवड्यातून किमान एकदा करावी, अशी आहे. महाराष्ट्रातील एखाद्या दवाखान्याने ती वर्षभर केली नाही, तर त्याला विचारणारे कोणी नाही. नियमितपणे करणाऱ्याची पाठ थोपटणारेही नाही.

खरी मेख आहे ती हॅण्डपीसमध्ये. दात कोरणारे हे उपकरण पोकळ नळ्यांचे बनलेले असते. ते थांबते त्या क्षणी लाळ आणि रक्ताचा अंश आत ओढला जाऊ शकतो. बाहेरून स्पिरिटने पुसल्याने आतला भाग स्वच्छ होत नाही. प्रत्येक रुग्णानंतर हॅण्डपीस ऑटोक्लेव्हमध्ये गेला पाहिजे, आणि पोकळ वस्तूंसाठी आतली हवा पंपाने खेचून घेणारे 'बी' श्रेणीचे यंत्र अधिक भरवशाचे. साध्या, कुकरसारख्या उभ्या यंत्राच्या कित्येक पट त्याची किंमत. येथे शास्त्र संपते आणि अंकगणित सुरू होते. वाळवण्यासकट ऑटोक्लेव्हची एक फेरी पाऊण तासाची धरली आणि संध्याकाळच्या पाच तासांत पंधरा रुग्ण तपासायचे म्हटले, तर दोन किंवा तीन हॅण्डपीसवर ते भागणे शक्य नाही. एकतर उपकरणांचे संच वाढवायला हवेत, किंवा रुग्ण कमी करायला हवेत. कर्ज काढून दवाखाना थाटलेला तरुण दंतवैद्य, ज्याच्या एकाच रस्त्यावर आणखी चार दवाखाने आहेत, तो यांतले काय निवडेल? पुसणे सोपे आणि स्वस्त असते. तो मनाने वाईट असतो म्हणून पुसतो असे नाही. पुसणारा आणि वाफवणारा यांच्या दरपत्रकातला फरक रुग्णाला दिसतो. कामातला दिसत नाही.

त्यात भर म्हणजे हे काम दंतवैद्य स्वतः क्वचितच करतो. ते मदतनीसाकडे असते. बहुतेक ठिकाणी ही मुलगी किंवा मुलगा दहावी-बारावीनंतर नोकरीला लागलेला, मालकाकडून किंवा आधीच्या मदतनीसाकडून काम शिकलेला. फोन घेणे, पैसे घेणे, रुग्णाच्या तोंडात सक्शन धरणे आणि मध्येच आत जाऊन उपकरणे धुणे, हे सारे त्याच दोन हातांनी. दुसरी भर फिरत्या तज्ज्ञांची. रूट कॅनालचा किंवा शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस येतो, आपली बॅग घेऊन येतो आणि दुपारी दुसऱ्या उपनगरातल्या दवाखान्यात जातो. बॅगेतल्या उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाची जबाबदारी तज्ज्ञाची की दवाखान्याच्या मालकाची? दोघांनाही विचारले, तर दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची शक्यताच अधिक.

बाहेरचा अनुभव

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टल्सा येथे २०१३ मध्ये एका रुग्णाला झालेल्या हिपॅटायटिस-सीचा माग काढत राज्याचे दंतवैद्यक मंडळ एका दवाखान्यात अचानक पोहोचले. गंजलेली उपकरणे, मुदत संपलेली औषधे, परवाना नसताना भूल देणारे मदतनीस असा तपशील मंडळाच्या तक्रारीत नमूद झाला. ऑटोक्लेव्हची चाचणी दरमहा अपेक्षित असताना सहा वर्षे झालीच नव्हती, हेही त्यात होते. सुमारे सात हजार रुग्णांना पत्रे गेली, हजारोंची रक्ततपासणी झाली. एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे हिपॅटायटिस-सी गेल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. अमेरिकेतील दंतचिकित्सालयात असे सिद्ध झालेले ते पहिले प्रकरण. महत्त्वाची गोष्ट ही की, सहा वर्षे चाचणी झाली नाही हे सांगता आले, कारण चाचणीची नोंद ठेवण्याचा नियम होता. नियमच नसेल, तर सहा वर्षांचा हिशेब मांडणार कशावरून?

इंग्लंडमध्ये एप्रिल २०११ पासून प्रत्येक दंतचिकित्सालयाला केअर क्वालिटी कमिशन या नियामकाकडे नोंदणी करावी लागते. निरीक्षकासोबत दंतवैद्यक जाणणारा सल्लागार जातो. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, रुग्णाला आपुलकीने वागवले जाते का, त्याच्या गरजांची दखल घेतली जाते का, कारभार नीट चालतो का, या पाच प्रश्नांवर अहवाल तयार होतो आणि तो कोणालाही वाचता येतो. रुग्णालयांप्रमाणे दंतचिकित्सालयांना श्रेणी दिली जात नाही. दरवर्षी तपासणी होते ती साधारण दहा टक्के दवाखान्यांचीच. म्हणजे एका दवाखान्याची पाळी सरासरी दहा वर्षांनी यायची.

एवढी घडी बसवूनही नॉटिंगहॅममध्ये २०१४ साली एका दंतवैद्याच्या सुमारे २२ हजार माजी रुग्णांना रक्ततपासणीसाठी बोलवावे लागले. दोन रुग्णांच्या मध्ये तो हातमोजे बदलत नाही, उपकरणे स्वच्छ करत नाही, हे उघड झाले ते छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणामुळे. चित्रीकरण निरीक्षकाचे नव्हते. गैरप्रकार उघड करू पाहणाऱ्या व्यक्तीने ते पुरवले होते. निरीक्षक आलेला असताना हातमोजे कोण बदलत नाही?

म्हणजे तपासणी निरुपयोगी असा निष्कर्ष काढता येईल काय? तसा तो काढला जातोही. पण या दोन्ही ठिकाणी संशय आल्यानंतर काय झाले, ते पाहायला हवे. कोणत्या दाराशी जायचे हे तक्रारदाराला माहीत होते, दार उघडणाऱ्याला दवाखान्यात शिरण्याचा अधिकार होता, आणि जुन्या रुग्णांची यादी हाती होती, म्हणून सात हजार आणि बावीस हजार लोकांना गाठता आले. महाराष्ट्रात एखाद्या मदतनीस मुलीने उद्या असे चित्रीकरण केले, तर ते तिने कोणाकडे न्यायचे? महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, दंत परिषदेकडे की पोलिसांकडे?

धास्ती निरीक्षकाची

दंतवैद्यांची बाजूही येथे ऐकून घ्यायला हवी. नियमन म्हटले की छोट्या दवाखान्याच्या मालकाच्या डोळ्यांपुढे इन्स्पेक्टर राज उभे राहते, आणि ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. कचऱ्याची परवानगी, यंत्राची नोंदणी, पाटीचे शुल्क, अग्निसुरक्षेचा दाखला यांसाठी खेटे घालून तो आधीच थकलेला असतो. त्यात आणखी एक साहेब वाढला, तर त्याचा खर्च शेवटी रुग्णाच्या बिलात जाणार. जो दंतवैद्य आठवड्याला बीजाणू चाचणी करतो, तोच परवान्यासाठी रांगेत उभा राहतो. जो करत नाही, तो साहेबांची सोय लावून मोकळा होतो, असाही युक्तिवाद केला जातो. तो पूर्णपणे खोडून काढता येईल, असा आपला प्रशासकीय अनुभव नाही.

मात्र याच युक्तिवादाचा आधार घेऊन काहीच नको, असे म्हणणे व्यवसायाच्याही हिताचे नाही. स्वेच्छेने मानांकन घेण्याची सोय आज उपलब्ध आहे. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने दंतसेवेसाठी स्वतंत्र निकष तयार केले आहेत. पण स्वेच्छेच्या दारातून आत येतात ते मुळात नीटनेटकेच असलेले, मोठ्या शहरांतले दवाखाने. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जंतुसंसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केली, कोरोनाच्या साथीत मे २०२० मध्ये खास दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. त्या महिन्यांत उपकरणांची पाकिटे रुग्णासमोर फोडली जात, रुग्णही विचारू लागले होते. साथ ओसरली आणि विचारणेही ओसरले. सरकारी रुग्णालयांत २०१५ पासून 'कायाकल्प' योजनेत स्वच्छता आणि संसर्गनियंत्रणाला गुण दिले जातात, बक्षिसे दिली जातात. ज्या सरकारी यंत्रणेला सर्वजण नावे ठेवतात, तिला निदान गुणपत्रिका आहे. खासगी दवाखान्याला तीही नाही.

नवा परवाना न काढताही बरेच करता येण्यासारखे आहे. ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीची वही आणि बीजाणू चाचणीचा निकाल, एवढ्या दोन कागदांची सक्ती केली, तर तपासणाऱ्याला तज्ज्ञ असण्याचीही गरज उरत नाही. चाचणी करून देण्याचे काम वैद्यकीय महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांकडे सोपवता येईल. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, आणि नमुना टपालानेही जाऊ शकतो. निकाल दवाखान्याच्या भिंतीवर, पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी. कचऱ्याचा वार्षिक अहवाल ज्या मुदतीत दिला जातो, त्याच मुदतीत हाही देता येईल. यात लाच खायला जागा अगदीच नाही असे नव्हे, पण दारात निरीक्षक उभा करण्यापेक्षा ती खूपच कमी आहे.

१९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. त्यात शिक्षणासाठी, महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी आणि नीतिमत्ता व नोंदणीसाठी वेगवेगळी मंडळे आहेत. राज्यांनी आपापल्या दंत परिषदा त्यानुसार घडवायच्या आहेत. चर्चा होते ती प्रामुख्याने महाविद्यालयांची आणि प्रवेशांची. नीतिमत्ता मंडळाने ठरवायच्या आचारसंहितेत निर्जंतुकीकरणाची वही ठेवणे हे कर्तव्य म्हणून लिहिले गेले आणि ती मागण्याचा अधिकार राज्य परिषदेला मिळाला, तर महाराष्ट्राला वेगळ्या कायद्याची वाटही पाहावी लागणार नाही. आचारसंहितेच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा दंतवैद्यांच्या संघटना आपले म्हणणे मांडतीलच. रुग्णांच्या वतीने ते कोण मांडणार, हे अद्याप ठरलेले नाही.